प्रियांकाच्या पेशी

शेजारची प्रियांका परभणीच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. कॅन्सरच्या पेशीत दोन प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात. ती पकड सोडवली तर गाठ वाढायची थांबेल का, हे ती बघते. बाळंतपणानंतर सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून तिनं वाढवलेल्या पेशी मैत्रिणीवर सोपवल्या. नेमकी मैत्रीण आजारी पडली.

“आई, पेशींना खायला घालून लगेच येते.”

“पोटचं लेकरू हितं रडायलंय, अन् तू बाटलीतल्यांना भरवायला निघालीस व्हय?” सासूबाई चतुराबाई म्हणाल्या.

मी डिंकाचे लाडू घेऊन गेले, तेव्हा पेशी मेल्याचा फोन नुकताच आला होता. प्रियांकाचे डोळे भरले.

“रडू नको बाई,” चतुराबाईंनी मायेनं पदरानं तिचे डोळे टिपले, “दूध आटतं.”

प्रियांकानं बाळाला जवळ घेतलं आणि पाजायला घेतलं.