चष्मेवाल्याचा राखीव लेख

आमच्या ह्यांचा धंदा चष्म्याचा आणि खोड लिहिण्याची. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान, आणि गावातल्या दैनिकात दर रविवारी एक सदर, ‘ख्रिस्ती दृष्टिकोनातून’. राशिभविष्याच्या खाली, गाद्यांच्या जाहिरातीच्या वर, तळहाताएवढी जागा. पण घरात रुबाब असा की अख्खा पेपर ह्यांच्याच खांद्यावर उभा आहे.

हे वाचतं कोण, असं मी एकदा विचारलं, तर दोन दिवस अबोला. मग दुकानात गेले तेव्हा कळलं कोण वाचतं ते. जवळचं दिसतंय का हे तपासायला इतरांकडे छापील तक्ता असतो, आमच्याकडे ह्यांच्या लेखाचं कात्रण. गिऱ्हाईक बिचारं नाकावर नवा चष्मा चढवून ‘शेजाऱ्यावर प्रीती’ मोठ्यानं वाचतं, आणि मध्येच अडखळलं की हे विचारतात, “दिसत नाही, की पटत नाही?” एकजण म्हणाला, दिसतंय सगळं, पण शेवटचा परिच्छेद जरा पसरट वाटतो. ह्यांनी त्याचा नंबर पुन्हा तपासला.

संपादकांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की वाचक सगळ्या धर्मांचे आहेत, बायबलमधलं वचन एकच टाका आणि पाप हा शब्द जपून वापरा. म्हणून हे पापाला ‘चूक’ म्हणतात आणि उदाहरणं घरातली देतात. ‘माझ्या परिचयाच्या एक बाई’ म्हणजे मी. माझा राग, माझं दूध उतू जाणं, माझं प्रार्थनेत घड्याळाकडे बघणं, सगळं छापून आलंय. चर्चच्या पायरीवर बायका विचारतात, “राग आता कसा आहे?” मी सांगते, वाढलाय.

सगळ्यांवर लिहून झालं, एका माणसावर कधी नाही. ते म्हणजे माझे धाकटे दीर. भावजी बस चालवतात आणि त्यांचं तोंड बसच्याही पुढे धावतं. सासरे गेले तेव्हा दफनविधीच्या वेळी पाळकांनी त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं. भावजींनी सांगितलं काय, तर बाबा जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबवायचे, की एकदा आमेन म्हणेपर्यंत मांजरानं ताटातला मासा फस्त केला, आणि बाबांनी डोळे उघडून मांजराच्या वतीनंही आभार मानले. शवपेटीपुढे सगळी मंडळी हसली. पाळकांची मान खाली होती, पण खांदे हलत होते. हसले नाहीत ते फक्त आमचे हे. बापाच्या पेटीपुढे तमाशा केला, असं म्हणून कबरस्तानातून परततानाच त्यांनी बोलणं तोडलं, ते कित्येक वर्षं तुटलेलंच राहिलं.

मग यंदा ह्यांनाच मोतीबिंदू झाला. जगाला डोळे वाटणाऱ्याची ही गत. ऑपरेशनच्या सकाळी दार उघडते तर भावजी उभे. मी निरोप धाडला नव्हता, बसमधल्या कुणाच्या तरी बोलण्यातून त्यांना कळलं. “चल दादा, मित्राची गाडी आणलीय,” म्हणाले. हे निमूट जाऊन बसले. घरी आल्यावर डोळ्यात थेंब घालायचं कामही भावजींनीच घेतलं, कारण माझा हात थरथरतो आणि मी जवळ आले की हे डोळे गच्च मिटतात. ह्यांना वाचायला-लिहायला डॉक्टरांची बंदी, म्हणून भावजी रोज पेपर वाचून दाखवायला लागले, गाद्यांच्या जाहिरातीसकट. घरात पुन्हा दोघांचं हसणं ऐकू यायला लागलं. मला पाठचा भाऊ नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी बाजू घेणारं ह्या घरात तेवढं एकच माणूस होतं. ते परत आलं म्हणून मी किती सुखावले होते ते माझं मला ठाऊक.

शनिवारी दुपारी दैनिकातून फोन आला. पान लावणारा म्हणाला, “साहेबांना आराम करू द्या. राखीव लेख आहे ना, तोच लावतोय.” लिहिणारा आजारी पडला तर जागा रिकामी राहू नये, म्हणून हे लोक एक लेख आधीच मागून ठेवतात. ह्यांनी आजवर एकही रविवार चुकवला नव्हता, त्यामुळे तो लेख तसाच पडून होता. मी निरोप सांगितला आणि हे ताडकन उठून बसले.

“तो नको. तो मी बाबा गेले त्याच आठवड्यात दिला होता.”

“काय आहे त्यात?”

“बारक्या आहे,” हे म्हणाले. भावजींना घरात बारक्याच म्हणतात.

“किती आहे?”

“सगळाच आहे.”

कपाळावर हात मारून घ्यायलाही सवड नव्हती. तिकडे फोन कुणी उचलेना, तेव्हा पायात चपला सरकवल्या आणि निघाले. पान लावणारा संगणकापुढे डबा खात बसला होता. “पान छपाईला गेलं, काकू.”

“परत बोलाव.”

“पान म्हणजे काय बस आहे, हात केला की थांबायला?”

मी म्हटलं, बसच थांबवायला आलेय रे बाबा. त्यानं पडद्यावर लेख दाखवला. ‘कोरड्या डोळ्यांचा पुत्र’. माझ्या परिचयाचा एक बसचालक, म्हणे. अहो, निदान ट्रकचालक तरी लिहायचं. ‘ज्याने पित्याच्या पेटीपुढे लोकांना हसवले, त्याच्या डोळ्यांत त्या दिवशी टिपूस नव्हते. असा पुत्र प्रेम करत नसतो, कार्यक्रम करत असतो.’

“जोरदार उतरलाय,” पान लावणारा म्हणाला. त्याचा डबा त्याच्याच डोक्यावर पालथा घालावा असं वाटलं.

रविवारी पेपर आल्या आल्या मी तो उशीखाली सरकवला आणि वर बसले. भावजी आले ते काखेत स्वतःचा पेपर घेऊन. मी म्हटलं, आज वाचन राहू द्या, आपण प्रार्थना करू. “वहिनी, तुम्ही प्रार्थनेत घड्याळ बघता हे साऱ्या गावाला माहीत आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

राशी झाल्या. मग लेख. ‘बसचालक’ शब्दाशी आवाज जरा खाली आला, पण थांबला नाही. एक अक्षर न गाळता त्यांनी शेवटच्या वचनापर्यंत वाचलं. हे काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून बसले होते.

“जुना आहे तो,” हे म्हणाले. “बारक्या, तो फार जुना आहे.”

भावजींनी पेपरची घडी घातली. “दादा, मी दर रविवारी तुझा लेख वाचतो. डेपोत, पहिली गाडी काढायच्या आधी. वहिनींचा राग वाचला, शेजाऱ्याचा कुत्रा वाचला, तुझ्या गिऱ्हाइकांची दुखणी वाचली. माझं कुठे नावनिशाण नाही. शिवीसुद्धा नाही. वाटलं, तू मला पुसूनच टाकलंस.” त्यांनी घडीवर हात फिरवला. “आणि तू तर पहिल्याच आठवड्यात अख्खा लेख लिहून बसला होतास.”

स्वयंपाकघरात जावं असं वाटलं, पण पेपरावर बसले होते, उठणार कशी.

“त्या दिवशी तू रडला नाहीस, हे खरं ना?” ह्यांनी विचारलं. अजून भिंतीकडेच बघत होते.

“रडलो की. डेपोत, बस धुताना. हातात पाण्याचा पाईप असला की कुणाला कळत नाही.”

“मला फोन करायचास.”

“उचलला असतास?”

ह्यांनी भिंतीकडचं तोंड भावजींकडे वळवलं.

“नाही,” हे म्हणाले.

“मग हे लिही पुढच्या रविवारी,” भावजी म्हणाले आणि त्यांनी थेंबांची बाटली उघडली. “चष्मा काढ. मान वर कर.”