शिडीकाकूंची खिडकी

शिडीकाकू हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते का पडलं ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा नवऱ्याने छपरं दुरुस्त करायचा धंदा नुकताच सुरू केला होता. हातोडी होती, खिळे होते, अंगात हिंमत होती, हाताखाली माणूस मात्र नव्हता. मग शिडी धरायची कुणी? काकूंनी बाह्या सरसावल्या आणि धरली. पुढे दिवस बरे आले, कामाला माणसं मिळाली, काकूंनी पुढच्या खोलीत शिवणयंत्र मांडून चेन बदलायची, पँटी आखूड करायची कामं घेतली, पण अवघड छप्पर असलं की काका अजूनही म्हणायचे, "आज तूच चल. बाकीच्यांचं लक्ष मोबाइलमध्ये."

काकूंचं लक्ष कधी हललं नाही. दोन्ही हातांनी शिडी गच्च धरायची, एक पाय खालच्या पायरीवर रोवायचा आणि मान वर करून नवऱ्याच्या चपलांचे तळ बघत राहायचं. त्या स्वतः मात्र वर गेल्या नाहीत. लग्नानंतर एकदाच काकांनी आग्रह केला होता. काकू शिडीच्या मध्यावर पोचल्या, खाली पाहिलं, आणि तिथेच चिकटल्या. वरही जाववेना, खालीही येववेना. शेवटी काकांनी खालून एकेक पाऊल हाताने धरून पायरीवर टेकवत त्यांना उतरवलं. हसले नाहीत. पुन्हा कधी आग्रहही केला नाही. त्याऐवजी त्यांनी एक सवय लावून घेतली. संध्याकाळी चहाचा कप हातात आला की वरून काय दिसलं ते सांगायचं.

"आज दवाखान्याच्या छपरावर होतो. तिथून नदीचं वळण दिसतं, माहीत आहे?"

"आणि?"

"आणि बँकेच्या साहेबाने गच्चीवर कबुतरं पाळलीत. बायकोला पत्ता नसणार."

अशी सगळ्या गावाची वरची बाजू काकूंना तोंडपाठ होती. पाहिलेली नव्हती, ऐकलेली होती.

मग लेकीने तिकडून तिकिटं पाठवली. लेक दूरदेशी, अर्ध्या पृथ्वीपलीकडे. तिला मुलगी झाली होती आणि आजीआजोबांना दाखवायची होती. सीट निवडायचं काम जावयाने अंगावर घेतलं. एका संध्याकाळी तो फोनवर आला आणि विमानाचा नकाशा पडद्यावर उघडून बसला.

"हे बघा बाबा, निळे चौकोन मोकळे आहेत, करडे गेले."

काकांनी चष्मा चढवला आणि एखाद्या घराचा आराखडा बघावा तसा तो नकाशा न्याहाळला. "पंख कुठून कुठपर्यंत?"

"या ओळीपासून त्या ओळीपर्यंत."

"मग तिथे नको. पंखावर बसलो तर पंखाचा पत्राच बघत बसायचं. पत्रे जन्मभर पाहिले."

"मग मागे घेऊ? पण मागे हलतं जास्त. शिवाय संडासाची रांग डोक्यावर."

"ऊन कुठल्या बाजूने असेल?"

पायाला जागा किती, जेवण आधी कुठे येतं, याची सगळी माहिती जावयाने काढून ठेवली होती. उन्हाचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने पृथ्वीचा नकाशा उघडला, बोटाने रेघ ओढली. "दुपारी सुटतं... वर उत्तरेकडून वळसा घालून पश्चिमेला... थंडीचे दिवस... डावीकडून, बाबा!"

"तर मग पंखाच्या पुढची, डाव्या हाताची खिडकी."

"आणि आई, तुम्हाला मधली?"

"मला कडेची," काकू घाईने म्हणाल्या. "वाटेवरची. माझे गुडघे धरतात, सारखं उठावं लागतं."

गुडघे धरत होते हे खरं. पण खिडकी जितकी लांब तितकं बरं, हेही खरं होतं, आणि ते तिघांनाही कळलं होतं.

"झकास!" जावई खूश झाला. "खिडकी बाबांना, कडेची आईंना. मधली सीट एकट्याने येणारा कुणी मुद्दाम घेत नाही. ती रिकामी राहणार, आरामात पाय पसरा."

मधली सीट रिकामी राहिली नाही. विमानाचं दार लावायच्या बेताला एक गृहस्थ आले, कपाटासारखे रुंद. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मधल्या सीटकडे पाहिलं, मग दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. बोलता बोलता कळलं की ते मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम बघतात आणि सुट्टी संपवून जहाज गाठायला निघालेत.

"काकू, तुम्ही आत सरका ना. नवराबायको शेजारी बसा, मी कडेला बसतो."

"नको!" काका आणि काकू एकदम म्हणाले.

इंजिनवाल्यांनी जरा चाचरत विचारलं, "काही भांडण वगैरे...?"

"छे हो," काकू म्हणाल्या. "सीट निवडून घेतल्यात आम्ही."

विमानाने जमीन सोडली तेव्हा काकूंनी डोळे मिटले आणि हाताला लागलं ते आवळून धरलं.

"काकू," थोड्या वेळाने आवाज आला, "ते माझं मनगट आहे."

"असू द्या हो जरा वेळ."

त्यांनी असू दिलं. माणूस चांगला होता. विमान स्थिरावल्यावर काकांचं सांगणं सुरू झालं, पण विमानाच्या घोंघाटात ते काकूंपर्यंत पोचेना. मग बिचारे इंजिनवालेच मधले टपालखातं झाले.

"नदी दिसतेय म्हणतात. अगदी दोऱ्यासारखी."

"विचारा, घरं दिसतात का?"

"दिसतात म्हणे. पण छपरं ओळखू येत नाहीत."

पुढे डोंगर आले, डोंगरांवर बर्फ आला, मग ढगांखाली सगळं झाकून गेलं, आणि काकूंना प्रत्येक गोष्ट टपालाने मिळत राहिली. जेवण झालं. आसपासच्या लोकांनी खिडक्यांची झाकणं ओढून घेतली, दिवे मंद झाले, सगळे पांघरुणात शिरले. काकूंचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा टपाल बंद होतं. इंजिनवाले पुढे वाकून खिडकीकडे बघत होते, आणि काका काचेला नाक लावून नुसते बसले होते.

"अहो, काय दिसतंय?"

काकूंनी इंजिनवाल्यांना कोपर लावलं. "तुम्ही तरी सांगा."

"काकू, हे..." त्यांनी काकांकडे बोट दाखवलं. "यांनाच विचारा."

काकांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर तांबूस उजेड पडला होता आणि डोळे ओले होते. इतक्या वर्षांत काकूंनी त्यांना छपरावरून उतरताना दमलेलं पाहिलं होतं, वैतागलेलं पाहिलं होतं, एकदा हात मोडून उतरलेलंही पाहिलं होतं. पण असं कधी नाही.

"अगं," ते म्हणाले, "मला सांगता येत नाहीये."

ज्या माणसाने कबुतरांपासून नदीपर्यंत सगळं सांगितलं, त्याला सांगता येत नाही असं काय असेल? काकूंनी पट्टा सोडला.

काकूंच्या पाठोपाठ इंजिनवालेही उठून वाटेत उभे राहिले. काका मधल्या सीटवर सरकले. काकू त्यांच्या गुडघ्यांवरून, समोरच्या पाठीला धरत, जीव मुठीत घेऊन खिडकीशी जाऊन बसल्या. बसल्या त्या आधी डोळे मिटूनच.

"धरलंय मी," काका म्हणाले. त्यांनी खरंच काकूंचा दंड धरला होता.

काकूंनी डोळे उघडले.

खाली समुद्र होता आणि समुद्रावर साय धरावी तसा बर्फ. त्या सायीला जागोजाग तडे गेले होते, तड्यांतून काळं पाणी दिसत होतं, आणि बर्फाच्या प्रत्येक उंचवट्याची निळी सावली लांबच लांब पडली होती. घर नाही, दिवा नाही, माणसाची खूण नाही. दृष्टी जाईल तिथवर तेच. आणि त्याच्या कडेला, बरोबर जिथे आभाळ टेकलं होतं तिथे, लालभडक अर्धा सूर्य.

"बुडतोय," काकू कुजबुजल्या.

"बुडून झाला तो," काका म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत पार खाली गेला. म्हटलं, संपला दिवस. आणि मग तिथेच परत डोकं वर काढलं. नीट बघ. वर येतोय."

काकूंनी श्वास रोखून पाहिलं. अर्ध्याचा पाऊण होत होता.

"ही तर पश्चिम ना?"

"पश्चिमच."

इंजिनवाले वाटेतून वाकून हळूच म्हणाले, "इतकं उत्तरेला पृथ्वीचा घेर लहान होतो, काकू. ती फिरते त्याहून आपलं विमान जोरात पळतंय, म्हणून बुडालेला सूर्य परत दिसतोय. कधीतरी ऐकलं होतं. जन्म समुद्रावर गेला, पण पाहतोय आज."

पायाखाली मैलोन्‌मैल काहीच नाही, हे काकूंना पुरतं कळत होतं. तरी त्या खिडकीपासून तसूभर मागे सरल्या नाहीत. त्यांना एकदम वाटलं की मोठ्याने कुणाला तरी हाक मारावी, झोपलेल्या सगळ्यांना हलवून उठवावं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की शब्द निघाला तर हे थांबेल.

हवाई सुंदरी आली. "आजी, झाकण ओढता का? लोकांच्या डोळ्यांवर उजेड येतोय."

काकूंनी झाकण ओढलं नाही. पायावरचं पांघरूण उचललं, खिडकीवर आणि आपल्या डोक्यावर घेतलं, बाहेर उजेडाची फट राहणार नाही असं कडेने दाबून बसवलं. मग पांघरुणातून हात बाहेर काढून काकांची मान आत ओढली.

दोघं गाल गालाला लावून बघत राहिले. सूर्य पुरता वर आला, बर्फावर गुलाबी पसरला, आणि कडेवरून घरंगळत विमानाच्या बरोबरीने चालू लागला. वरून काही सांगायचं नव्हतं, खालून काही विचारायचं नव्हतं. पांघरुणात दोघांच्या श्वासाने काच धूसर व्हायची. काकू बाहीने पुसायच्या.

लेकीच्या घरी पोचल्यावर नात मांडीवर आली, रडली, झोपली. जावयाने हळूच विचारलं, "मधली सीट राहिली का रिकामी?"

"नाही राहिली," काकू म्हणाल्या, "फार चांगला माणूस बसला होता." मग त्या सूर्याचं सांगायला लागल्या. दोन्ही हात वर नेले, खाली आणले, पुन्हा वर नेले, आणि तिथेच अडल्या. लेक काकांकडे बघायला लागली. काकांनी नुसती मान हलवली: खरं आहे.

परतीच्या सीट निवडताना फोन काकूंनी स्वतःच्या हातात घेतला. पंखाच्या पुढे, एकामागे एक, दोन खिडक्यांवर बोट ठेवलं.

"असं बसलात तर बोलणार कसे?" जावयाने विचारलं.

"सीटच्या फटीतून," काकू म्हणाल्या.

परतताना सगळ्या वाटेवर ढग होते. काहीसुद्धा दिसलं नाही. काकूंनी कपाळ काचेवरून हलवलं नाही.