सात नंबरचं ताट

आमच्या घरी खवा आला की आई आधी तो तळहातावर चोळायची. वास घ्यायची, तूप सुटतंय का बघायची आणि मग म्हणायची, "ठीक दिसतोय, पण सांगता येत नाही." आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा, ओळखीच्या माणसाचा खवा, तरी हेच. दूधवाला, गिरणीवाला, माझ्या मैत्रिणी, सगळ्यांना ती त्याच नजरेनं बघायची. मी तिचीच मुलगी. आहारशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेले तेव्हा पहिल्याच सत्रात भेसळीचं प्रात्यक्षिक होतं. खव्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा, निळा पडला की त्यात पीठ आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी आयोडीनची छोटी बाटली तुळजापूरला घरी घेऊन आले आणि पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांवर थेंब टाकत बसले. वडील शाळेत मास्तर, फारसं बोलत नाहीत. ते म्हणाले, "आता घरात दोघी झाल्या." मला ते कौतुकच वाटलं.

दोन वर्षं शिकून झाल्यावर सहा महिने दवाखान्यात काम करावं लागतं. त्याशिवाय नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्याच्या परीक्षेला बसता येत नाही. मला धाराशिवचा एक दवाखाना मिळाला. रोज वॉर्डात फिरायचं, पेशंटला आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते विचारायचं, वाटी-चमच्याच्या मापात लिहायचं आणि एका पेशंटचा सगळा अभ्यास करून सादर करायचा. सगळ्यावर आमच्या मॅडमची सही हवी. मॅडम म्हणजे तिथल्या मुख्य आहारतज्ज्ञ, वीस वर्षं याच कामात मुरलेल्या.

हे काम माझ्यासाठीच जन्माला आलंय असं मला वाटायचं. कारण आदल्या दिवशी काय खाल्लं हे कुणी खरं सांगत नाही, याबद्दल माझी खात्री होती. एक गृहस्थ मला शपथेवर सांगत होते की बिस्किटाला हात लावला नाही, आणि चुरा त्यांच्या मिशीत होता. एक बाई म्हणाल्या, चहा बंद केलाय. मी कप दाखवला, तर म्हणाल्या, "ह्यो चहा न्हाय, औषध घ्यायला हाय." असले किस्से मी हॉस्टेलवर रंगवून सांगायची. मॅडमनी मात्र पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मनात हवा तेवढा संशय घे. कागदावर पेशंटचं वाक्य लिही, तुझं नको." मी मान डोलावली. पण पेशंटचं वाक्यच खोटं असेल तर ते लिहून काय करायचं, असं माझं आपलं मत होतं.

पावसाळा संपता संपता सात नंबरच्या खाटेवर तेरच्या एक आजी आल्या. पायाच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडलेला, जखम चिघळलेली आणि साखर वर. सर्जन म्हणाले, आठ दिवस बघू. साखर आटोक्यात आली आणि जखम सुकायला लागली तर ठीक, नाहीतर अंगठा काढावा लागेल. आजींनी ते नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आंगठा गेल्यावर खुरपायला बसता येतंय का?" डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मी अभ्यासासाठी त्यांनाच निवडलं.

दुसऱ्या दिवशी वाट्या मांडून मी त्यांच्यापुढे बसले. काल दुपारच्या जेवणात काय घेतलं?

"अर्धी पोळी. वरण अर्धी वाटी. भाताचे दोन घास."

"आणि भाजी?"

"कोरड्यास लई आळणी हाय बाई. चाखलं आन् ठिवलं."

मी लिहून घेतलं, पण मनात पाल चुकचुकली. कारण आदल्या दुपारी सात नंबरचं ताट परत जाताना मी स्वतः पाहिलं होतं. घासूनपुसून लख्ख, भाजीची एक फोडही त्यात उरली नव्हती. दोन पोळ्या, वरण, भात, भाजी, सगळं संपलेलं. आणि ही बाई म्हणते अर्धी पोळी.

तिसऱ्या दिवशीही तेच. आजी अर्धी पोळी म्हणाल्या, आणि ताट रिकामं. साखर मात्र कधी वर, कधी खाली, कशाचा कशाला मेळ नाही. कुठंतरी पाणी मुरतंय हे नक्की. मग मी डोळ्यात तेल घालून पाळत ठेवायला लागले. जेवणाच्या वेळी कारण नसताना वॉर्डातून चक्कर मारायची. मी दिसले की आजींचा हात थांबायचा आणि पदर पुढे यायचा. खाटेखाली एक कापडी पिशवी होती. ती कधी भिंतीशी असायची, कधी पुढे ओढलेली. गावाकडून त्यांचे मालक दिवसाआड एसटीनं यायचे, धोतर-टोपीतले, वाळलेले, आणि बाहेर कडुलिंबाच्या पारावर बसून राहायचे. ते काय घेऊन येतात?

चौथ्या दिवशी आजी न्हाणीघरात गेल्या तेव्हा मी ती पिशवी उघडली. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. आत एक जर्मनचा डबा होता. झाकण काढलं. डबा रिकामा, पण तळाशी पिवळा ओघळ आणि वरणाचा वास. सापडलं, असं मला झालं. गावाकडून डबा येतोय आणि ही बाई दवाखान्याचं ताट खाऊन वर घरचंही खातेय. मी नोंदवहीत लिहिलं, "पूर्ण ताट घेतात. शिवाय बाहेरचे पदार्थ. दिलेली माहिती विश्वासार्ह नाही." पेशंटचं वाक्य मी लिहिलं नाही. त्या ओळीखाली मी एक रेघही मारली होती.

डॉक्टरांनी राउंडला ती नोंद वाचली. एवढं खाणं असेल तर म्हणून दुपारचं इन्सुलिन वाढवलं. जेवण पोटात गेल्याची खात्री करूनच इंजेक्शन द्यायचं, असं सिस्टरला सांगितलं. खात्री करायचं काम माझं.

तो मंगळवार होता. दुपारी एक वाजता मला मॅडमसमोर याच अभ्यासाचं सादरीकरण करायचं होतं आणि माझे कागद अजून लावून झाले नव्हते. ताटं वाटून झाली होती. मी वॉर्डाच्या दारातूनच हाक मारली.

"आजी, जेवलात का?"

"व्हय, झालं की. तुमचं झालं का?"

"झालं झालं," मी म्हणाले. मी सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

सिस्टर ट्रॉली घेऊन आली. तिनं विचारलं, "सात नंबर जेवल्या?" मी हो म्हणाले आणि जिना चढून गेले.

सादरीकरणात मी पेशंट माहिती कशी लपवतात यावर बोलत होते. त्या रिकाम्या डब्यापर्यंत आले आणि खालून बोलावणं आलं. वॉर्डात गेले तर आजींचा चेहरा पांढराफटक, चोळी घामानं भिजलेली, हात थरथरतायत. सिस्टरनं बोटाला टोचून साखर बघितली आणि ग्लुकोजची बाटली आणायला धावली. शिरेत ग्लुकोज गेलं. ती पाच-दहा मिनिटं मी खाटेचा दांडा धरून उभी होते. मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नव्हती. त्या भीतीत आजींपेक्षा माझीच काळजी जास्त होती, हेही खरं आहे.

आजींचे मालक दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातात तो डबा होता. या वेळी रिकामा नव्हता, अर्धवट खाल्लेला. दवाखान्याचीच पोळी, दवाखान्याचंच वरण.

"तिनं दिलता," ते मला म्हणाले. "सकाळी पयल्या गाडीनं आलतो, पोटात कायबी नव्हतं. म्हनली, आज मंगळवार हाय, मला देवीआईचा उपास हाय, सगळं तुमीच खावा. मला काय ठावं सुई हाय म्हनून."

डबा आत येत नव्हता, बाहेर जात होता. एवढं मला तेव्हा कळलं. भिंतीवर पाटी होती, पेशंटचं जेवण नातेवाइकांना देऊ नये. म्हणून आजी ताट आल्याबरोबर निम्म्याहून जास्त डब्यात रिकामं करायच्या, आणि मी चकरा मारते म्हणून घाईनं, पदराआड. स्वतः खायच्या ती अर्धी पोळी, अर्धी वाटी वरण आणि भाताचे दोन घास. मालक येत नसत त्या दिवशीही डबा भरून ठेवायच्या, न जाणो आले तर, आणि नाहीच आले तर संध्याकाळी तेच खायच्या. त्यांनी मला पहिल्या दिवसापासून शब्द न शब्द खरा सांगितला होता.

खोटं त्या एकच बोलल्या होत्या, आणि मी विश्वास ठेवला तो नेमका त्याच्यावर. मला तेव्हा संशय का आला नाही? कारण ते मला खोटं वाटतच नाही. आमच्याकडे कुणी दारातून "जेवलात का" म्हटलं तर "झालं" म्हणायचं असतं. नाही म्हणणं म्हणजे मागितल्यासारखं. माझी आई रोज दुपारी फोनवर हेच विचारते आणि बिस्किटाचा पुडा हातात धरून मीही हेच सांगते. तो प्रश्न आम्ही कुणी उत्तरासाठी विचारत नाही. मी तो विचारला आणि त्याच्या भरवशावर सुई टोचायला लावली.

संध्याकाळी मॅडमनी नोंदवही मागितली. रेघ मारलेली ओळ वाचली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "विश्वासार्ह नाही, हे कुणाबद्दल लिहिलंयस?" एवढंच विचारून त्यांनी वही परत दिली. सही केली नाही. सगळा अभ्यास पहिल्यापासून, पेशंटच्या तोंडून, पेशंटच्या शब्दांत लिहून आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वाट्या घेऊन बसले. आधी पिशवीचं सांगितलं. आजी म्हणाल्या, "ठावं हाय मला. झाकण वाकडं लावलंतंस." मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. शुक्रवारी अर्धी पोळी, शनिवारी अर्धी पोळी. माझ्या पहिल्या कच्च्या नोंदींशी सगळं तंतोतंत जुळलं.

"तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत, मालकांना देताय म्हणून?"

"तू काय खाल्लं ते इचारलंस. काय दिलं ते कुठं इचारलंस?"

मॅडमनी स्वयंपाकघरातल्या मावशींशी बोलून आजींच्या ताटात पोळीऐवजी ज्वारीची भाकरी लावली आणि मालकांसाठी वेगळी सोय केली. मी जेवणाच्या वेळी शेजारी स्टूल घेऊन बसायला लागले. विचारायचं नाही, बघायचं. इन्सुलिन पुन्हा कमी झालं. आठ दिवसांचे बारा झाले, पण जखमेच्या कडा सुकल्या. नख गेलं, अंगठा राहिला. आजींनी खाटेवरच खुरपायला बसतात तसं उकिडवं बसून बघितलं आणि मान डोलावली.

घरी सोडलं त्या दिवशी दोघं पारावर तेरच्या गाडीची वेळ व्हायची वाट बघत बसले होते. मी पथ्याचा कागद द्यायला गेले. दुपार टळत आली होती, सकाळपासून माझी धावपळ चालली होती. आजींनी कागद चोळीत सारला आणि माझ्याकडे वर बघितलं.

"जेवलीस का?"

"व्हय, झालं की."

"काय खाल्लंस?"

दोन वर्षं शिकून जो प्रश्न मी दिवसातून वीस वेळा विचारत होते, त्याला मला उत्तर देता येईना. भाजी-पोळी असं जिभेवर आलं होतं.

"बस इथं," आजी म्हणाल्या. मालकांनी सरकून जागा केली. जर्मनचा डबा निघाला. त्यात भाकरी होती आणि शेंगदाण्याची चटणी. तिन्हीसांजेला घरी पोचेपर्यंत दोघांना पुरावी एवढीच होती. मी नको म्हणाले. आजींनी भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"माझ्या म्होरं खा," त्या म्हणाल्या, आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत माझ्या हातावरची नजर काढली नाही.