गुरुवारी सुटलेली कंपनी

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो आणि मग हसू येतं. राग अशासाठी की गुन्ह्याची उकल माझ्याच हस्ताक्षरात माझ्यासमोर टेबलावर पडली होती आणि मला ती दिसली नाही. हसू अशासाठी की ती दाखवून दिली एका बाईने, आणि तेही पाण्याच्या टाकीबद्दल कुरकुर करता करता.

तेव्हा मी भोसरी आणि चाकणच्या मधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत निम्मी जुनी गावं आणि निम्म्या कंपन्या. गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, उरलेल्या जागेत त्यांनी खोल्या बांधल्या आणि त्या खोल्यांत लातूर, बीड, हिंगोलीकडची कामगार मंडळी भाड्याने राहू लागली. मालक आणि भाडेकरू रोज भांडायचे आणि सणाला एकमेकांकडे जेवायचे. बरं चाललं होतं. मग निवडणूक लागली. एका बाजूने ‘गाव गाववाल्यांचं’ अशी हाळी उठली, दुसऱ्या बाजूने ‘आमच्या जिवावर कंपन्या चालतात’ अशी. महिनाभरात चौकातला चहासुद्धा दोन टपऱ्यांवर वाटला गेला. एका टपरीवर गाववाले, दुसरीवर बाहेरचे.

अशात एका शुक्रवारी सकाळी तिथल्या एका गावच्या स्वागत कमानीवर काळा ऑइलपेंट फासलेला आढळला. गावाचं नाव पार दिसेनासं झालं होतं. आम्ही पंचनामा केला, गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवला. आसपासच्या कॅमेऱ्यांत काही मिळालं नाही. लोक धुसफुसत होते, पण दिवस निभावला.

शनिवारी सकाळी साडेनऊला गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. माणूस साठीचा, तापट, पण सरळ. ते म्हणाले, “सायेब, मानूस घावला. पन लोकांच्या आदी तुमी पोचा. न्हाईतर आमच्या हातनं काय तरी वंगाळ हुईल.”

पाठोपाठ त्यांनी मला ती क्लिप पाठवली. एका तरुणाचा फोटो आणि त्यावर एका पुरुषाचा आवाज. आवाज म्हणत होता, “मी पण कामगारच आहे. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमची कंपनी सुटली. आम्ही सगळे गेटमधून बाहेर पडत होतो. तेव्हा आमच्याच कंपनीतल्या या बाहेरच्या माणसाला कमानीला काळं फासताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. गाववाल्यांनो, आता तरी जागे व्हा!”

मी बंदोबस्त घेऊन पोचलो तेव्हा त्या तरुणाच्या खोलीसमोर दीड-दोनशे माणसं उभी होती. तो एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर. काही दिवसांपूर्वी कुणाच्या तरी पोस्टखाली त्याने ‘आम्हीपण इथले मतदार आहोत’ असं लिहिलं होतं. तिथूनच त्याचा फोटो उचललेला दिसत होता. दाराला आतून कडी, खिडकीत त्याची बायको, तिच्या कडेवर लहान मुलगी. बायको रडत नव्हती. ती एकेक चेहरा बघत होती, कारण त्यातले बहुतेक चेहरे तिच्या ओळखीचे होते. मला ते बघवलं नाही. आम्ही कडं करून त्याला जीपपर्यंत आणलं. एक चप्पल माझ्या टोपीला लागून गेली.

तो ठाण्यात आला आणि पंधरा मिनिटांत एका वाहिनीची गाडीही आली. आवारात उभा राहून त्यांचा माणूस कॅमेऱ्यात ओरडू लागला की कमानीचा शत्रू अखेर जेरबंद. मी अजून अटकही दाखवली नव्हती. ती क्लिप त्यांनी दर पाच मिनिटांनी वाजवली. ठाण्यातला टीव्ही चालू, हवालदारांच्या फोनवर तीच, माझ्या फोनवर तीच. दुपारपर्यंत मी ती चाळीस वेळा तरी ऐकली असेल, आणि कबूल करतो, चाळिसाव्या वेळी माझी खात्रीच पटत आली होती.

फिटरला समोर बसवून मी जबाब लिहायला घेतला.

“काळं का फासलंस?”

“सायब, म्या काहीच केलं नाय. कामून करीन? मव्हं लेकरू त्या गावच्या अंगणवाडीत जातंय.”

“गुरुवारी संध्याकाळी कुठे होतास?”

“सुट्टी होती. घरीच होतो. दिवसभर कपडे धुतले, सांजच्याला पोरीला खेळवलं.”

“साक्षीदार?”

“बायको.”

बायकोची साक्ष म्हणजे काय ते प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. मी कपाळाला आठ्या घालून लिहिलं, ‘गुरुवारी सुट्टी असल्याने घरीच होतो असे सांगतो.’ लिहिलं आणि पान उलटलं.

दोन वाजता वरून फोन आला. “अटक दाखवा, लोक शांत होतील.” मी म्हणालो, “साहेब, गाववाले शांत होतील, पण मग बाहेरचे पेटतील. तिकडे चौकात त्याच्या भागातली पोरं जमायला लागलीत.” पलीकडून सुस्कारा ऐकू आला. मला चार वाजेपर्यंतची मुदत मिळाली.

आणि तेवढ्यात ती आली. फिटरची घरमालकीण. जुन्या गावातली, नऊवारी नेसलेली, हातात डब्याची पिशवी. आवारातल्या वाहिनीवाल्याने तिच्या तोंडापुढे माईक धरला, तो तिने छत्री बाजूला करावी तसा बाजूला केला आणि थेट माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“ह्याचा डबा हाय. आनि त्याला सोडा. त्यानं काय केलं न्हाई.”

“बाई, बसा. तुम्ही गावच्या, तुमच्याच कमानीला काळं फासलंय.”

“म्हनूनच आलीया. माझी भावकी माझ्याशी बोलंना झालीय सकाळपासनं. बोलू नगा म्हनावं. पन त्यो गुरवारी दिसभर माझ्या वट्यावर कपडे धूत व्हता, दिवं लागंपातूर. माझी अख्खी टाकी संपीवली. सगळं भाडेकरू गुरवारचंच धुत्यात, आनि आमी प्यायला पानी विकत आनायचं!”

“पण बाई, त्याच्याच कंपनीतला माणूस सांगतोय, साडेसहाला कंपनी सुटली तेव्हा…”

ती माझ्याकडे बघत राहिली. लहान पोराचा पाढा चुकल्यावर बघतात तसं.

“आवो सायेब, गुरवारी कुठली कंपनी सुटती? सुटायला ती भरली तर पायजे!”

टेबलाशी बसलेल्या हवालदाराने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. सगळ्या जगाला रविवारी सुट्टी असते. आमच्या पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांना, वर्कशॉपना गुरुवारी असते. पूर्वी या पट्ट्यात गुरुवारी वीज बंद ठेवायचे, तेव्हा पडलेली ही सवय. गुरुवारी इथे लेथ थंड असतात, गेटला कुलूप असतं, दाढीच्या दुकानात रांग असते. मी चार वर्षं त्या हद्दीत होतो. बंदोबस्ताची वाटणीच मुळी आम्ही ‘गुरुवारी बाजारात जास्त माणसं’ अशी करायचो. आणि तरी ते वाक्य मी चाळीस वेळा ऐकलं, सुट्टीचा जबाब स्वतःच्या हाताने लिहिला, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून बघितले नाहीत.

मी वर्कशॉपच्या मालकाला फोन लावला. गुरुवारी पूर्ण बंद, हजेरीपुस्तक दाखवायला तयार. मग मी पोलीस पाटलांना बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा कारखान्याचा एक गाळा आहे, मुलगा त्यात पत्रा दाबायच्या प्रेसचं काम चालवतो.

“पाटील, तुमच्या गाळ्याला सुट्टी कधी?”

“गुरवारी की. का?”

मी फक्त क्लिप लावली. ‘गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमची कंपनी सुटली’ इथे पाटलांचा चेहरा जो उतरला, तो मी विसरणार नाही. त्यांनी फोन काढून टेबलावर ठेवला. “मी पाच गुरुपवर टाकली सायेब. तपासा.”

आता काम सोपं होतं. हे बोलणारा माणूस या पट्ट्यातला कामगार नाही, एवढं नक्की झालं होतं. ‘यामागे कोण आहे’ हा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही, कारण त्याचं उत्तर गावात प्रत्येकाकडे तयार होतं. आम्ही एकच विचारत गेलो, तुला कुणी पाठवली? पाटलांना पुतण्याने, पुतण्याला जिमवाल्याने, जिमवाल्याला एका फ्लेक्सवाल्याने. फ्लेक्सवाल्याने जास्त ताणलं नाही. चिंचवड स्टेशनजवळ एका इमारतीत प्रचाराची कामं घेणारं एक ऑफिस होतं. क्लिप तिथून आली होती.

ऑफिस चालवणारा चाळिशीचा, गोड बोलणारा, मूळचा दुसऱ्या शहरातला. आम्हाला बघून त्याने आधी चहा मागवला, मग वकिलाचं नाव घेतलं. मी म्हटलं, घ्या, चहा घेऊ. आवाज तर मी दारातच ओळखला होता. चाळीस वेळा ऐकल्याचा तेवढा एक फायदा झाला.

“ऑफिसला सुट्टी कधी असते तुमच्या?” मी सहज विचारलं.

“रविवारी.”

“आणि भोसरीकडच्या कंपन्यांना?”

“रविवारीच ना साहेब. सगळ्यांना असते तशी.”

माझ्याबरोबरचे दोन हवालदार फिस्सकन हसले. तो गोंधळून आमच्याकडे बघू लागला. आपण कुठे अडकलो हे त्याला कळेना. मी त्याला ते सावकाश समजावून सांगितलं. माझ्या नोकरीत इतक्या आनंदाने मी कुणाला काही समजावलं नसेल. पुढच्या दहा मिनिटांत तो बोलता झाला. कमान त्यानेच गुरुवारी रात्री एका माणसाला घेऊन काळी केली होती. पंचांसमक्ष पार्किंगमधून ऑइलपेंटचा डबा निघाला, ब्रशवरचा काळा रंग अजून चिकट होता.

पण खरं सापडलं ते संगणकात. तिथे दुसरी क्लिप तयार होती, त्याच संध्याकाळी बाहेरच्या कामगारांच्या ग्रुपवर सोडायची. आवाज तोच, सोंग गाववाल्याचं. “या बाहेरच्यांना आता खोलीखोलीतून वढून काढायचं, व्हय, आज रातीच!” त्यावर फोटो होता आमच्या पोलीस पाटलांचा.

मी पुरावा सील केला आणि वरिष्ठांना फोन केला. म्हटलं, “साहेब, अटक दाखवतोय, पण दुसऱ्याची. आणि या दोन्ही क्लिपा मला लोकांसमोर वाजवायच्या आहेत, प्रती आहेत.” ते म्हणाले, “वाजवा.”

पाच वाजता आम्ही कमानीखाली गाडी उभी केली. एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला चौकातून आलेली बाहेरची पोरं, मध्ये माझी माणसं. काहींच्या हातात दगड होते. फिटर आणि पाटील दोघेही माझ्या शेजारी. मी गाडीच्या भोंग्यावर पहिली क्लिप लावली. गावाकडून शिव्या सुरू झाल्या. मी थांबवून विचारलं, “गुरुवारी कुणाकुणाची कंपनी सुटली? हात वर करा.”

बाहेरच्या पोरांतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “अय भावा, गुरुवारी तर सुट्टी ऱ्हाती!” आणि गावाच्या बाजूने एक म्हातारा हसला. ते हसणं पसरत गेलं. मी दुसरी क्लिप लावली. तोच आवाज, आता गाववाला झालेला. या वेळी हसू आलं नाही. एकाच्या नावाने दुसऱ्याच्या घरांवर चालून जायचं आवतण दोघांनी ऐकलं, आणि दोन्ही बाजूंनी माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकेक दगड खाली पडल्याचा आवाज मी ऐकला.

पोलीस पाटलांनी माझ्या हातातून माईक घेतला. “ही पयली क्लिप मी पाच गुरुपवर टाकली. मला कुनी सांगितलं न्हवतं टाक म्हनून. मीच टाकली. चूक माझी हाय.” आणि साठीच्या त्या तापट माणसाने फिटरपुढे हात जोडले.

फिटरने ते हात धरून खाली केले. म्हणाला, “पाटील, ती दुसरी मला आली असती ना, तर म्याबी टाकलीच असती.”

माईक चालू होता. हे सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर जे झालं ते मी डोळे भरून बघितलं. कुणीतरी वर्कशॉपमधून थिनर आणलं, कुणी शिडी, आणि गावची आणि बाहेरची पोरं मिळून कमान घासू लागली. वाहिनीची गाडीही तिथे होती. त्यांनी ते दृश्य दाखवलं की नाही, मला माहीत नाही. मी बघायला गेलो नाही.

खोट्या प्रचाराविषयी बोला म्हणून मला हल्ली कुठे कुठे बोलावतात. मला त्यातलं तंत्र फारसं कळत नाही. मी फिटरचं ते वाक्य सांगतो. सकाळी ज्याच्या दारावर जमाव चालून आला होता, तो संध्याकाळी स्वतःलाही त्या जमावातच मोजत होता. त्याच्या एवढं शहाणपण त्या दिवशी माझ्यात नव्हतं. मी सुजाण आहे, फसणारे दुसरे आहेत, असं समजून मी क्लिप ऐकत बसलो होतो. तेव्हापासून एखादी बातमी ऐकून माझं रक्त तापलं, की मी आधी त्यातला वार, वेळ आणि ठिकाण कागदावर लिहून काढतो. रागावायला नंतर भरपूर वेळ असतो.

संध्याकाळी मी फिटरला त्याच्या दारात सोडलं. त्याच्या बायकोने दार उघडलं, आणि आता मात्र ती रडली. ठाण्यात परतल्यावर मी स्टेशन डायरी ओढली आणि लिहिलं, ‘कमानीजवळील जमाव शांततेत पांगला.’ डायरीत याहून जास्त आनंद लिहायची सोय नसते.