पंधरा इंचाचं अंगडं

माझ्या बायकोनं आयुष्यात शेवटचं जे अंगडं शिवलं ते एका लॅपटॉपचं होतं, आणि त्याचं माप मी चुकवलं.

अंगडं म्हणजे पिशवीच हो, पण आमची गौरव्वा तिला अंगडंच म्हणायची. नात पूर्वा, आमच्या महेशची लेक, कंप्युटरच्या कॉलेजला लागली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिली पोरगी. तिला लॅपटॉप घ्यायचं ठरलं, आणि तो घरात यायच्या आधीच गौरव्वानं त्याच्या बाळंतविड्याची तयारी सुरू केली! ट्रंकेतनं एक नवीकोरी लाल-काळी चादर काढली, मी ज्या कारखान्यात मागावर होतो तिथलीच, आणि टेप घेऊन फरशीवर बसली. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. आमचा संसार असाच झाला. टोक धरायला मी, अक्कल वापरायला ती.

"किती इंची घेणार हायत?" तिनं विचारलं.

"चौदा का पंधरा, भांडण चाललंय. पोरगी चौदा म्हणती, महेश पंधरा म्हणतोय. तू पंधरा धर. लहान मापाचं शिवून कुणाचं भलं झालंय?"

"पंधरा म्हणजे कुटनं कुटं?"

"अगं, पंधरा म्हणजे पंधरा! कापडाचा पन्हा कसा मोजतात? ह्या काठापासनं त्या काठापत्तूर, सरळ!"

"पोरीला एकदा विचारा की."

"उभा जन्म मागावर गेला माझा. मला माप शिकवतीस व्हय?"

"सुम् कुंडरी!"

(म्हणजे गप बसा. ती अक्कलकोटकडची. संसार मराठीत करायची, रागवायला मात्र तिला कानडी लागायचं. एवढं कानडी मला पक्कं येतं, रोज उजळणी व्हायची.)

तिनं पंधरा इंच धरले, वर दोन बोटं जास्त ठेवली आणि टीप मारली. ती काहीही शिवायची ते वाढत्या अंगाचं. आमच्या महेशला पाचवीत शिवलेली खाकी चड्डी आठवीत मापाला आली, तोवर तो बिचारा एका हातानं चड्डी धरूनच पळायचा. मी म्हणालो, "अगं, ते मशीन काय पुढच्या वर्षी वाढणार हाय व्हय?"

"आन वाढलं तर?"

संध्याकाळपर्यंत अंगडं तयार झालं. पट्टा लागला, माझ्या जुन्या सदऱ्याचं एक बटण लागलं, आणि ते खुंटीवर गेलं. मग आम्ही दोघांनी चहा घेतला, रोज घ्यायचो तसा.

त्याच आठवड्यात ती गेली. झोपेतच. उभ्या आयुष्यात शेजारच्या घरीसुद्धा मला सांगितल्याशिवाय गेली नव्हती, आणि गेली ती एकदम अशी.

त्यानंतर घरात लॅपटॉपचं नाव कुणी काढलं नाही. हसण्याचंही नाही. अंगडं खुंटीवर लोंबत होतं. मी सकाळी उठायचो, त्याच्याकडं बघायचो, आणि परत आडवा व्हायचो. शेवटी कॉलेज उघडलं, तेव्हा महेश हळूच म्हणाला, "अप्पा, आता घ्यायला लागतंय."

मी उठलो. अंगडं काखेत मारलं, तिचा टेप खिशात घातला. मनाशी एकच गोष्ट पक्की होती. ह्यात जो बसेल तोच लॅपटॉप. तिच्या हातचं शेवटचं शिवलेलं खुंटीवर कुजू द्यायचं नाही.

दुकान नव्या पेठेतलं, आत फ्रीजसारखं गार. बाप-लेकीचं भांडण दारातच सुरू झालं.

"पप्पा, मला रोज दोन बस बदलायच्यात. त्या पण उभं राहून. चौदाच पायजे."

"चौदात काय दिसणार तुला? डोळे जातील. पंधरा घे की."

"डोळे माझे हायत, तशी पाठ पण माझीच हाय ना!"

मी म्हटलं, ह्यांचं चालू दे, आपण आपलं काम करावं. पंधरा लिहिलेल्या लॅपटॉपच्या काचेला टेप लावला. तेरा इंच आणि वर थोडं! परत लावला. तेवढंच! आता माझा आवाज चढला. (मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. मी देवाजवळ मागणं मागितलं तरी ते गल्लीला कळतं.)

"ओ मालक! पंधरा म्हणून तेरा खपवताय व्हय?"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. पूर्वानं ओढणीत तोंड लपवलं.

"अप्पा..." महेश म्हणाला.

"अप्पा काय, अप्पा! दीड इंच खाल्लाय ह्यांनी! चादर दीड इंच कमी भरली असती तर आमच्या मालकानं मला मागालाच टांगला असता!"

दुकानदार मोठा सोशिक. म्हणाला, "आजोबा, हे तिरपं मोजतात. ह्या वरच्या कोपऱ्यापासनं त्या खालच्या कोपऱ्यापर्यंत."

"तिरपं? सरळ मोजायला काय लाज वाटती?"

"सगळ्या जगात तसंच हाय, आजोबा. तुमच्या घरातला टीव्ही पण तिरपाच मोजलेला असणार."

म्हणजे इतकी वर्षं मी घरात कमी पन्ह्याचा टीव्ही बघत होतो! मी सुन्न होऊन उभा, तेवढ्यात एक बाई हातातला मोबाइल पुढं करत म्हणाली, "आजोबा, ह्याचं पण माप बघा की जरा." तिच्या मागं आणखी एकजण आपला मोबाइल घेऊन उभा राहिला. दुकानदाराच्या तोंडावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं.

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. पंधरा तिरपे असतील, तर अंगड्याचे पंधरा तर सरळ आहेत! मी अंगडं काउंटरवर ठेवलं आणि म्हणालो, "ते चौदा-पंधरा राहू द्या. ह्यात बसंल तो काढा."

महेश खाली बघायला लागला. पूर्वाचा हात त्या बटणावर गेला. दुकानदाराला कुणी काही सांगितलं नाही, पण त्यानंही काही विचारलं नाही. गुमान चौदाचा आत सरकवला. थोरल्या भावाचा कोट घातलेल्या नवरदेवासारखा तो आत कुठल्या कुठं हरवला. पंधराचा घातला, तर तो ह्या कडेपासून त्या कडेला घसरगुंडी खेळायला लागला. मग आतनं सतराचा आणला. पाटा होता तो, पाटा! पण आत गेला तो असा गेला की जणू तिनं त्याच्या अंगावर माप घेऊन शिवलंय.

"हाच!" मी म्हणालो.

"अप्पा, केवढं वजन आहे ते. पोरगी नेणार कसं?"

पूर्वा त्या बटणाकडं बघत म्हणाली, "नेते की. हाच घेऊ, अज्जा. मोठाच बरा."

दुकानदारानं एकदा तिच्या खांद्याकडं बघितलं आणि मला म्हणाला, "आजोबा, उद्या मन बदललं तर घेऊन या. ओरखडा तेवढा पडू देऊ नका."

"आमचं मन बदलत नसतंय!" मी ठणकावून सांगितलं.

महेश तिथनंच कामावर गेला. आम्ही दोघं शेअर रिक्षात बसलो. पूर्वा आत शिरली, मागनं अंगडं शिरलं आणि एका माणसाच्या गुडघ्यावर आदळलं. तो कळवळला. ती वळून 'सॉरी' म्हणाली, तर दुसऱ्या कडेच्या म्हातारीच्या मांडीवर!

"आगं पोरी, जातं घिऊन चाललीस काय?" म्हातारी ओरडली.

"लॅपटॉप हाय तो," मी छाती काढून सांगितलं.

"आसंल. पर दळाय लई जड जाईल की तिला!"

घराजवळ उतरलो तोवर पोरगी एका बाजूला कलली होती. रोज दोन बस, मी मनात म्हटलं, आणि लगेच मनातच स्वतःला दटावलं.

घरी पूर्वाची अभ्यासाची जागा म्हणजे तिच्या अज्जीचं शिलाई मशीन. वरची फळी मिटली की तेच टेबल. त्यावर सतराचं धूड ठेवलं. निम्मं फळीवर, निम्मं हवेत. तिनं काहीतरी दाबायला बोट लावलं आणि लॅपटॉप कलंडला! मी कुठं बसलोय, वय काय माझं, गुडघे कुठले, काही बघितलं नाही. झेप घेतली. लॅपटॉप माझ्या छातीवर, मी फरशीवर, आणि ओरखडा पडला तो फक्त माझ्या कोपराला.

पूर्वा धावली. आधी लॅपटॉप उचलला, मग मला. (खरं सांगतो, ह्याच क्रमानं.) कोपराला हळद लावता लावता एकदम म्हणाली, "अज्जा, अज्जी असती तर काय म्हणाली असती, सांगू?"

"सुम् कुंडरी म्हणाली असती."

"ते तर हायच. पण तिनं पिशवीसाठी लॅपटॉप वाढवला नसता. पिशवी उसवली असती."

पोरगी अगदी बरोबर सांगत होती, आणि तिनं कलता खांदा हातानं चोळत सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तो परत आडवा झालो नाही. अंगडं घेतलं, कडेचे टाके उसवले. तिच्या मशीनला मी जन्मात हात लावला नव्हता. सुईत दोरा ओवेपर्यंत दोन बिड्या ओढून झाल्या असत्या. कापड मात्र कापलं नाही. जास्तीचं आत मुडपलं, तिची रीत. टेप लावला, चौदाचं माप धरलं, आणि अशी टीप मारली की पूर्वा झोपेतनं उठून बघायला आली. टीप थोडी नागमोडी गेली, पण बसली.

दुकान उघडायच्या आधी आम्ही तिघं दारात हजर. दुकानदारानं सतराचा परत घेतला, चौदाचा काढला. मी ऐटीत अंगडं पुढं केलं. लॅपटॉप निम्मा आत गेला, आणि गोठ्याच्या दारात म्हैस अडकावी तसा अडकला. ना आत, ना बाहेर!

"आजोबा," दुकानदार घाबरत घाबरत म्हणाला, "माप कसं घेतलंत?"

"कसं म्हणजे? तुमी काल सांगितलं तसं. तिरपं!"

"आजोबा, तिरपं माप नुसत्या काचेचं. भोवतीची कड राहिली की!"

पहिल्यांदा पूर्वा हसली. मग महेश. गौरव्वा गेल्यापासनं त्या दोघांना हसताना मी बघितलं नव्हतं. पोरगी तर काउंटर धरून खाली बसली. मी म्हटलं, हसा! कापड आतच हाय, कापलंय कुठं! दुकानदाराकडं कात्री मागितली आणि तिथंच स्टुलावर बसून टाके उसवायला घेतले. दोरे ओढता ओढता त्याला समजावून सांगायला लागलो की कापडाचं माप कसं असतं, मागावर आम्ही काय करायचो...

"अज्जा, सुम् कुंडरी!"

पूर्वानं लॅपटॉप समोर उभा धरला, टेप उलगडला आणि त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी गप बसलो आणि टोक घट्ट धरलं. अकलेचं काम परत घरच्याच माणसाकडं गेलं, आणि मला माझं काम पाठ आहे.