गाळल्यावर वाढलेलं मीठ

गणपतीच्या आधी दिपिकाच्या हातात टेस्टिंग रूमची किल्ली आली, आणि तिच्या सासूबाई, हंसाबाई, खाडीकाठच्या त्यांच्या गावात सांगत सुटल्या, की आमची सून पान्याला पास-नापास करते.

खरं तर ती पाण्याला नाही, पडद्याला पास-नापास करायची. कामणला गोदामांच्या मागे ती कामाला जाते तो कारखाना आहे. तिथे मेम्ब्रेन बनतं, म्हणजे कागदासारखा पातळ पांढरा पडदा. त्यातून दाबाने पाणी ढकललं की पाण्यात विरघळलेल्यांपैकी काही अडतात, काही निसटतात. कोण किती अडलं, ते दिपिका मोजायची. तिथली रीत अशी, की एका वेळी एकच मीठ. साधं मीठ पाण्यात घालून पडद्यातून सोडायचं, मोजायचं, मग यंत्र धुवायचं आणि दुसरं घ्यायचं. हंसाबाईंना ही रीत एकदम पटली होती. त्यांचाही मासळीचा तवा वेगळा आणि भाकरीचा वेगळा.

दसरा झाला आणि मार्सेल आला. त्याचा कापड रंगवण्याचा लहानसा कारखाना आहे, आणि पडदा त्याने इथूनच नेला होता. त्याने दिपिकाच्या टेबलावर दोन साड्या ठेवल्या.

"ही गुलाबी मला हवी होती. आणि ही राणी मला मिळाली."

"राणी छान दिसतेय," दिपिका म्हणाली.

"छान दिसतेय. पण गिऱ्हाइकाने गुलाबी मागितली होती."

रंगाच्या टाकीत दोन मिठं पडतात, एक आपलं साधं आणि दुसरं ग्लॉबर. मीठ जितकं जास्त तितका रंग कापडाला जास्त धरतो. मार्सेल वापरलेलं पाणी पडद्यातून गाळून पुन्हा टाकीत घेत होता. पडदा ग्लॉबर जवळजवळ सगळं अडवेल आणि साधं मीठ निम्मं, असं दिपिकाने त्याला सांगितलं होतं. त्या हिशेबाने त्याने वरून मीठ टाकलं आणि रंग जास्तच चढला. मग त्याने पाणी बाहेर तपासून घेतलं.

"गाळायच्या आधी होतं त्याच्यापेक्षा गाळल्यावर साधं मीठ जास्त आहे," तो म्हणाला. "आता बोल."

कारखान्याचे मालक हर्षवर्धन दारातून ऐकत होते. ते आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"पडदा मीठ अडवतो, बनवत नाही," ते म्हणाले. "यंत्र नीट धुतलं नसशील, आधीचं राहिलं असेल. उद्या यांच्यासमोर पुन्हा कर. आकडा बदलला तर किल्ली माझ्याकडे दे."

घरी येऊन दिपिका मेथी निवडायला बसली. काड्या पातेल्यात आणि पानं कागदावर जायला लागली, तेव्हा हंसाबाईंनी जुडी काढून घेतली.

"काय झालं ते तरी सांग."

तिने सांगितलं. यंत्र धुतलं होतं, हेही सांगितलं.

"मग मीठ वाढवलं कोनी? मार्सेलनं?"

"नाही हो आई. त्याच्याकडे तर दोन्ही एकत्रच..." दिपिका थांबली. "दोन्ही एकत्र असतात. मी कधी एकत्र सोडलीच नाहीत."

"ते मला कळेल असं सांग."

"पाण्यात मिठाच्या जोड्या फुटतात. दोन्ही मिठांत सोडियम असतो, जोडीदार तेवढे वेगळे. आणि सोडियमला एकट्याने पडद्यापार जाता येत नाही. कोणीतरी बरोबर लागतंच."

"कपल एन्ट्री," कल्पेश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला. हा दिपिकाचा नवरा. नवरात्रात गरब्याच्या गेटवर पास बघायला तोच उभा होता.

"तेच. ग्लॉबरचा जोडीदार दांडगा, पडदा त्याला दारातच ढकलतो. पण त्याच्या सोडियमला तर आत जायचंच असतं. मग ही सोडियमबाई साध्या मिठाच्या जोडीदाराचा हात धरते आणि घुसते."

"म्हंजे आपला नवरा गेटवर आनि दुसरीच्या नवऱ्याबरोबर आत."

"आणि गेटवर अशा गर्दी करून असल्या, तर दुसऱ्यांचे नवरे झाडून सगळे आत. मीठ नवीन बनत नाही, पलीकडे ते दाट होतं."

"आमच्याकडे पण झालं होतं असं," कल्पेश म्हणाला.

"नावं घेऊ नको कोनाची," हंसाबाई म्हणाल्या. मेथीची चार पानं खुडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोन होती?"

दुसऱ्या दिवशी मार्सेल आणि हर्षवर्धन टेस्टिंग रूममध्ये उभे राहिले. दिपिकाने आधी नुसतं साधं मीठ सोडलं. पडद्याने निम्मं अडवलं. आकडा जुनाच आला. हर्षवर्धन खुर्ची ओढून बसले.

मग तिने यंत्र न धुता त्याच टाकीत भरपूर ग्लॉबर ओतलं.

"अगं, अगं," हर्षवर्धन अर्धवट उठले.

"बसा ना सर."

पडद्याच्या अलीकडचं पाणी एका चंचुपात्रात घेतलं आणि पलीकडचं दुसऱ्यात. दोन्हींत पिवळा थेंब टाकून ती वरून औषध सोडू लागली. हे औषध फक्त साध्या मिठाला लागतं; ते जितकं जास्त, तितकं औषध जास्त, आणि मग पिवळं पाणी विटकरी होतं. अलीकडचं पाणी विटकरी झालं. पलीकडचं तेवढ्याच औषधात पिवळंधमक राहिलं. ती सोडत राहिली. मार्सेल वाकून बघत होता.

"दे इकडे," हर्षवर्धन म्हणाले. त्यांनी बाह्या सारल्या आणि नवीन पाणी घेऊन स्वतः मोजलं. तेच आलं. बाही खाली करताना ते हसायला लागले. "इतकी वर्षं पडदे विकतोय आणि हे कधी मोजलं नाही."

"म्हणजे पडदा बरोबर आणि आकडा चूक?" मार्सेलने विचारलं.

"आकडा एकट्या मिठाचा आहे," दिपिका म्हणाली. " तुमच्या टाकीत ते एकटं नाही. पास करण्याआधी मी तुमचंच पाणी मागवायला हवं होतं. ती चूक माझी."

"पद्धत माझी होती," हर्षवर्धन म्हणाले. "किल्ली ठेव तुझ्याकडेच. यापुढे ज्याचा पडदा, त्याचंच पाणी." मार्सेल कॅन भरून पाणी आणायला निघाला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "एकट्या मिठाचा आकडा आपण अजून कोणाकोणाला दिलाय?"

"सगळ्यांना."

"मग?"

दिपिकाने हात पुसले आणि टेबलावरचा फोन जवळ ओढला. पहिल्या गिऱ्हाइकाने उचलायला वेळ लावला.

"नमस्कार, टेस्टिंगमधून दिपिका बोलतेय," ती म्हणाली. "नाही नाही, बिलासाठी नाही. तुमच्या टाकीत काय काय मिसळलेलं असतं, ते जरा निवांत सांगता का?"