फडावर धाडलेली कुत्री

हल्ली कुणी मला प्राणीप्रेमी म्हणालं की मी विषय बदलते. कंटाळले बाई त्या शब्दाला. एक काळ होता, मीच तो मिरवत होते.

धारूरजवळच्या या गावात मी शाळेवर होते, निवृत्त झाल्यावरही इथंच राहिले. एकटीच. मटण सोडून कित्येक वर्षं झाली, आणि दारात येईल त्या कुत्र्या-मांजराला भाकरी ठरलेली. शेजारी ऊसतोडीला जाणारं जोडपं. दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर यायचा, भांडी-गाठोडी त्यात चढायची, घराला कुलूप लागायचं आणि किल्ली माझ्याकडं यायची. मागं राहायची त्यांची तांबडी कुत्री. ती ट्रॅक्टरमागं ओढ्यापर्यंत पळायची, मग परत येऊन बंद दारापुढं पडायची ती माणसं परत येईपर्यंत. मी घातलेली भाकरी खायची, पण तोंड दाराकडंच.

मला ते बघवायचं नाही. शेजारणीशी दरवर्षी माझी जुंपायची. मुक्या जिवाला असं टाकून जायला तुमचं मन होतंच कसं, असं मी म्हणायचे. ती भांडी घासता घासता म्हणायची, उसाच्या फडावर गाड्या लई असतात बाई, तिथं कुत्र्याचं काम न्हाई. मला तो बहाणा वाटायचा. एकदा मात्र तिनं मला चांगलंच कोंडीत पकडलं. मी चहा पीत होते. तिनं विचारलं, हे दूध ज्या म्हशीचं, तिला रेडा झालता, तो कुठं गेला ते इचारलंत का कधी? मला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक असतं. रेड्याला कोण दूध पाजतंय, वाळत वाळत जातो तो. मी कप खाली ठेवला, पण राग तिचाच आला. तुला जनावराचं काय कळतंय, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले.

मागच्या हंगामातली गोष्ट. संक्रांतीला त्यांचा मुकादम पिकअप घेऊन गावी आला होता. कुत्रीनं दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नव्हतं. मी मुकादमाच्या मागंच लागले, हिला फडावर घेऊन जा म्हणून. तो नको नको म्हणत होता, शेवटी माझ्या तोंडाला लागायला नको म्हणून कबूल झाला. मीच तिला उचलून गाडीत ठेवलं, दोरीनं बांधलं, सोबत चार भाकरी दिल्या. शेजारणीला फोन केला नाही. ती नको म्हणणार, हे मला पक्कं माहीत होतं ना.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. उसाच्या पाचटात कुत्री शेजारणीच्या अंगावर उड्या मारत होती, तिचा नवरा हसत होता. शेजारीण हसत नव्हती. पण मला त्या वेळी फक्त कुत्रीच दिसली. माझे डोळे भरून आले. गावभर सांगत सुटले मी, बघा, जनावराला जीव लावावा तर असा.

मग दर आठवड्याला फोनवर माझं पहिलं विचारणं कुत्रीचंच. ती सांगायची, हाय की, खाती हाय, आत्ता आमच्या पाचटाच्या कोपीत झोपलीय. दाखव म्हटलं तर रेंज न्हाई म्हणायची. मला तेही खरं वाटलं, कारण मला खरंच वाटून घ्यायचं होतं.

चैत्रात त्यांची ऊसतोडीची टोळी परतली. ट्रॅक्टरमधून भांडी उतरली, गाठोडी उतरली. मी भाकरी घेऊन ओट्यावर उभी. शेवटी शेजारीणच माझ्याकडं आली, माझ्या हातातली भाकरी काढून घेतली आणि मला खाली बसवलं. कुत्री आठव्या दिवशीच गेली होती. भरलेली ट्रॉली मागं घेताना चाकाखाली आली. हिच्या आधीची त्यांची कुत्रीही फडावर अशीच गेली होती, माझी या गावात बदली होण्याआधी. म्हणून ती हिला दारात ठेवून जायची. सांगताना तिनं आवाज चढवला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मला एवढंच विचारता आलं, "मग दोन महिने माझ्याशी खोटं का बोललीस गं?"

"तुमी इथं एकल्या असता, बाई," ती म्हणाली. "आमी तिथं टोळीतली चारजणं होतो रडायला. तुमाला कोण होतं?"

या दिवाळीतही जाताना तिनं किल्ली माझ्याच हातात दिली. घ्यायला मला लाज वाटली. घेतली.